प्रभातची तुतारी आणि आमचे मानकरी

इंग्रजी अद्भुतरम्य चित्रपटांचा नाद असलेली तरुण मंडळी एकत्र जमली म्हणजे त्यांच्यात एक खेळ हमखास रंगतो. टोल्किन नामक आंग्ल ग्रंथकाराच्या कादंबरीवरून २००१, २००२ व २००३ अशी लागोपाठ तीन वर्षे जे तीन चित्रपट निघाले, त्यांतील कोणते पात्र कोणास जवळचे वाटते, कोणते युद्ध अधिक रोमहर्षक, कोणत्या प्रसंगी कोणाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, याची याद्यांवर याद्या निघतात आणि वाद तासन् तास चालतो. आमच्या घरी सुटीत भाचरे आली की दिवाणखान्यात हेच ऐकू येते. आम्ही वर्तमानपत्र पुढे धरून ऐकत असतो. त्यांच्या यादीत आम्हांस काही सांगता येत नाही हे खरे. परंतु खेळ आमच्या ओळखीचा आहे. तो आमच्या वडिलांच्या पिढीने आमच्यादेखत खेळलेला आहे. फक्त त्यांची मालिका निराळी होती, आणि तिच्या आरंभी पडद्यावर एक रमणी उभी राहून तुतारी फुंकीत असे.

वाचकांनी ओळखलेच असेल. आम्ही प्रभात फिल्म कंपनीच्या पौराणिक व संतपर बोलपटांविषयी लिहीत आहोत. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला आणि १९४० साली 'संत ज्ञानेश्वर'. या आठनऊ वर्षांत या एका संस्थेने जे बोलपट काढले, त्यांतील अद्भुताचा अंश असलेले बोलपट सलग पाहिले तर ती एक मालिकाच वाटते. मालिका म्हणून ती कोणी योजिलेली नव्हती. परंतु तीच माणसे, तेच रंगवलेले पडदे आणि घडवलेले खांब, तीच संथ, स्वच्छ मराठी, आणि देव हा शेजारच्या घरात राहत असावा अशी तीच वागण्याची रीत! त्यामुळे हरिश्चंद्राच्या अयोध्येतून निघालेला प्रेक्षक देहूस किंवा आळंदीस पोहोचला तरी आपण परमुलखात आलो असे त्यास वाटत नाही.

आता हुबळी-धारवाडकडील मराठी माणसाने या मालिकेवर हक्क सांगावा यास एक जादा आधार आहे. प्रभातच्या पाच संस्थापकांपैकी एक, व्ही. शांताराम, हे मूळचे कोल्हापूरचे; परंतु त्यांच्या किशोरवयाचा काही काळ हुबळीत गेला. कुटुंबाची ओढगस्त होती. येथील रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली आणि फावल्या वेळी पत्र्याच्या छपराच्या एका चित्रगृहात मिळेल ते काम केले. पुढे १९२० च्या सुमारास ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत कोल्हापुरास गेले आणि त्यानंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. ज्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या लहानपणी अर्ध्या गावाची घड्याळे लावली जात, त्याच कारखान्यात हा मुलगा लोखंडाशी झटत होता, हे आम्ही दरवर्षी नव्या वर्गास सांगतो. मुलांस त्याचे विशेष वाटत नाही. आम्हांस वाटते.

प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरास झाली. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी ही ती पाच नावे. पैकी दामले आणि फत्तेलाल हे दोघे पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार. एक ब्राह्मण, एक मुसलमान. पुढे दामल्यांनी ध्वनिलेखनाचे तंत्र हाती घेतले, फत्तेलालांनी कलानिर्देशन. आणि या जोडीने मिळून जे दिग्दर्शन केले त्यातून 'संत तुकाराम', 'गोपालकृष्ण' आणि 'संत ज्ञानेश्वर' हे तिन्ही बोलपट निर्माण झाले. इंद्रायणीकाठचा तुकोबा पडद्यावर उभा करणाऱ्या दोघांपैकी एक फत्तेलाल होते, ही गोष्ट आज कोणास नवलाची वाटली तर ते नवल आजच्या दिवसांचे आहे. त्या काळच्या कोल्हापुरास ते वाटले नसावे. श्रीकृष्णाच्या भूमिकेने घराघरांत पोहोचलेले आणि प्रभातच्या ज्ञानेश्वराची भूमिका करणारे शाहू मोडक हे तर अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले.

असो. आवडीनिवडीकडे वळू.

'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईस प्रदर्शित झाला. हिंदुस्थानी कथापटाचा आरंभही हरिश्चंद्रापासूनच, १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी केलेला. मराठी बोलपटानेही तोच मुहूर्त धरावा हे योग्यच झाले. फाळक्यांच्या चित्रात तारामतीचे काम पुरुषाने केले होते, कारण त्या कामास स्त्री मिळाली नाही. येथे ते दुर्गाबाई खोटे यांनी केले, आणि त्यांच्यासारख्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने बोलपटात उतरावे याची त्या वेळी चर्चाही पुष्कळ झाली. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचेच. खरे सांगावयाचे तर या बोलपटातील हरिश्चंद्रापेक्षा आमचे लक्ष तारामतीवर अधिक खिळते. काशीच्या बाजारात जिचा लिलाव होतो ती राणी मान खाली घालीत नाही. दुर्गाबाईंची ती ताठ मान हा आमच्या यादीतील पहिला मानकरी. ध्वनिलेखन आजच्या कानांस खरखरीत वाटते आणि पात्रे अधूनमधून नाटकातल्यासारखी प्रेक्षकांकडे वळून बोलतात; परंतु ज्या वर्षी बोलणारे चित्र हीच एक करामत होती, त्या वर्षीचे हे काम आहे, हे ध्यानी ठेवावे.

त्याच वर्षीचा 'मायामच्छिंद्र' मात्र आम्हांस अधिक प्रिय आहे, आणि यावर आमच्या स्नेहीमंडळींत एकमत नाही. खरीखुरी अद्भुतकथा म्हणतात ती हीच. पुरुषांचे वावडे असलेले स्त्रीराज्य, त्याची राणी किलोतळा, तिच्या मोहात गुंतलेला सिद्ध मच्छिंद्रनाथ आणि गुरूस सोडवावयास निघालेला गोरख. नवनाथांची पोथी ज्या घरांत श्रावणात लागते, त्या घरांस ही कथा सांगावयास नको. किलोतळा पुन्हा दुर्गाबाई, मच्छिंद्र पुन्हा टेंबे, आणि गोरख मास्टर विनायक. राणीच्या पायांशी मांजराप्रमाणे बसलेला चित्ता ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. वर्षाच्या आरंभी जी बाई डोंबाघरच्या दुःखापर्यंत जाते, तीच त्या वर्षी हाती सत्ता घेऊन चित्ता कुरवाळते, आणि दोन्ही आपणांस पटतात!

आमच्या मित्रांचा आक्षेप असा, की शेवटी हे सारे मायाच होते असे सांगून कथेने प्रेक्षकांची फसवणूक केली. आम्ही म्हणतो, फसवणूक झाली ती गोरखाची. शिष्याने गुरूस वाचविल्याचा अभिमान बाळगावा आणि गुरूने हसून दाखवावे की मी बुडालोच नव्हतो, यात नाथपंथाची सारी गंमत आहे. आम्ही तीस वर्षे शाळेत काढली. वाचविणारा कोण आणि वाचणारा कोण हा प्रश्न शिक्षकाच्या पेशात वरचेवर पडतो.

१९३३ साली प्रभातचा मुक्काम कोल्हापुराहून पुण्यास हलला. त्याच वर्षीच्या 'सैरंध्री'विषयी थोडक्यात सांगतो. हे चित्र रंगीत काढण्याचा घाट घातला होता, रंगांची प्रक्रिया जर्मनीत करविली, आणि रंग काही साधले नाहीत. याच विषयावर १९२० साली बाबूराव पेंटरांनी मूकपट काढला होता. तो पाहून लोकमान्यांनी पेंटरांस 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले आणि त्यातील कीचकवध इतका अंगावर येणारा होता की सरकारी परिनिरीक्षकांची कात्री चालली. गुरूस जे काळ्यापांढऱ्यात साधले ते शिष्यांस रंगांत साधले नाही. आमच्या यादीत सैरंध्री नाही.

पुण्याच्या नव्या वास्तूत तयार झालेला 'अमृतमंथन' (१९३४) पौराणिक म्हणावा की नाही, हा वाद आहे. कथा नारायण हरी आपटे यांची, राज्य काल्पनिक, परंतु वातावरण पुरते अद्भुत. चंडिकेपुढील नरबळी व पशुबळी राजा बंद करतो, म्हणून राजगुरू त्याचा घात करवितो. मराठी बोलपटात हा राजगुरू केशवराव दाते यांनी केला, हिंदीत चंद्रमोहन यांनी. चंद्रमोहन यांचे डोळे पडदाभर दिसतात आणि त्यांचीच कीर्ती अधिक झाली. आमचे मत मात्र दात्यांच्या बाजूचे आहे. चंद्रमोहनचा राजगुरू पाहून भय वाटते. दात्यांचा पाहून भय वाटतेच, शिवाय हा मनुष्य आपल्या धर्मावर मनापासून विश्वास ठेवतो हेही कळते, आणि त्याने भय वाढते. शेवटी तो स्वतःचेच मस्तक देवीस वाहतो. दुष्टाचा असा शेवट, की ज्यात तो हरतो पण खोटा ठरत नाही, फार थोड्या चित्रपटांत आम्ही पाहिला आहे.

आता 'संत तुकाराम'. येथे आम्ही थोडे थांबणार आहोत.

डिसेंबर १९३६ मध्ये हा बोलपट प्रकाशित झाला. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. तुकोबांचे काम विष्णुपंत पागनीस यांनी केले. पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. तो मार्दव त्यांच्या तुकोबाच्या बोलण्याचालण्यात उरलेला आहे आणि आमच्या मते त्यानेच ही भूमिका तारली. त्यांचा तुकोबा उपदेश करीत नाही. तो आपला गात असतो, आणि जवळचे लोक ऐकतात किंवा ऐकत नाहीत. पुढे पागनिसांच्या छायाचित्राचीच लोक पूजा करू लागले, असे आमचे वडील सांगत. आमच्या आजोळी देव्हाऱ्याशेजारी जे चित्र होते ते तुकोबांचे की पागनिसांचे, हे आम्ही मोठे होईतो आम्हांस कळले नव्हते, आणि आजीस तो भेद मान्यही नव्हता.

बीजापासून वृक्ष आणि वृक्षापासून बीज असा भाव असलेला जो अभंग या बोलपटात आहे, तो तुकोबांचा नाही. तो शांताराम आठवले यांनी या बोलपटासाठी रचला. तो इतका बेमालूम साधला की जाणती माणसेही तो गाथ्यात धुंडाळीत बसली. एम. ए.च्या वर्गात ही गोष्ट आम्ही प्रथम ऐकली तेव्हा आमच्या मातोश्रींस मोठ्या उत्साहाने सांगितली. मातोश्रींचे शिक्षण कन्नड चौथीपर्यंत. मराठी अक्षरांशी ओळख पोथीपुरती. त्या भाजी निवडीत होत्या. "मग त्या आठवल्यांना तुकोबांनीच सांगितला असेल," एवढेच त्या म्हणाल्या. पदव्युत्तर अभ्यासक्रमात यावर उत्तर नव्हते.

अद्भुत प्रसंग या बोलपटात पुष्कळ आहेत. धान्याच्या राशी पडतात. शिवाजी महाराज कीर्तनास आले असता शत्रूची माणसे त्यांना धरावयास येतात, तो श्रोत्यांतून अनेक शिवाजी उठून बाहेर पडू लागतात. इंद्रायणीत बुडविलेला गाथा वर येतो. अखेर गरुडाचे विमान उतरते आणि तुकोबांस घेऊन जाते. एकाच फिल्मवर पुनःपुन्हा छायालेखन करणे, लहान प्रतिकृती वापरणे, काळा पडदा मागे धरून आकृती स्वतंत्र टिपणे, असल्या उपायांनी त्या काळी ही दृश्ये साधीत. आजच्या संगणकाच्या दृष्टीने ती बाळबोध आहेत. आमच्या भाचरांस त्यातील जोड लगेच दिसतात. आम्हांसही दिसतात. परंतु या बोलपटाचे बळ तेथे नाहीच मुळी. ते आहे तुकोबांच्या स्वयंपाकघरात.

जिजाई हा आमच्या यादीतील सर्वांत मोठा मानकरी. हे काम गौरी नावाच्या अभिनेत्रीने केले. प्रभातमध्ये ती आधी गर्दीतील किरकोळ कामे करीत असे. तिच्या जिजाईच्या अंगी एकही नाटकी गोष्ट नाही. तिची म्हैस आहे, तिची मुले आहेत, घरात दाणा नाही, आणि नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला. मूल तापाने फणफणले की ती सरळ देवळात शिरते आणि पायताण उगारून विठोबासच जाब विचारते. ज्या देवास जगाचे सारे लोक हात जोडतात, त्याच्यावर पायताण उगारणारी बाई भक्तिपटात दाखविणे हे धाडस होते. आणि पाहणारा एकही मनुष्य तिच्यावर रागावत नाही, हे यश. महाराजांनी पाठविलेला नजराणा घरी येतो तेव्हा ती व मुले दागिने अंगावर घालून बसतात. क्षणभर घर उजळते. मग तुकोबा ते सारे परत पाठवितात. तो क्षणभराचा आनंद दिग्दर्शकांनी इतक्या प्रेमाने दाखविला आहे की पुढचे वैराग्य आपणांसही जड जाते. तुकोबा थोर आहेत हे आपणांस आधीच ठाऊक असते. जिजाईचे चुकत नव्हते, हे हा बोलपट शिकवितो.

आणि मग ते विमान. तुकोबा वैकुंठास निघतात, तिलाही चल म्हणतात. ती घरकामात आहे. मुलांचे कोण पाहील? तिचा विश्वास बसत नाही. धावत बाहेर येते तेव्हा विमान वर गेलेले असते.

येथील मराठी मंडळींनी आषाढीच्या सुमारास मुलांकरिता एक बोलपट दाखविण्याची प्रथा काही वर्षांपूर्वी सुरू केली, आणि निवडीचे काम शिक्षक म्हणून आमच्या गळ्यात पडले. काम वाटते तितके सोपे नाही. या मुलांची आजी घरात मराठी बोलते, आईबाप मराठी-कन्नड मिसळून बोलतात, आणि मुले एकमेकांत कन्नडच बोलतात. शाळा कन्नड किंवा इंग्रजी. मराठी कानांस कळते, तोंडास येत नाही, डोळ्यांस तर अजिबात नाही. बहुतेक घरी मराठी मासिक येते ते आजीआजोबांसाठी. अशा मुलांना वर्षातून दोन तास सलग मराठी ऐकावयास लावावयाचे तर ते दोन तास कोणते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. एकदा कंटाळली तर पुढच्या वर्षी येणार नाहीत, आणि जबरदस्तीने आणण्याचे दिवस गेले.

पहिल्या वर्षी 'गोपालकृष्ण' (१९३८) दाखविला. प्रभातचा अगदी पहिला मूकपटही, १९२९ सालचा, याच नावाचा व याच विषयावरचा. नऊ वर्षांनी दामले-फत्तेलालांनी तो बोलता केला. कृष्ण झालेला मुलगा म्हणजे पुढे ख्यालगायनात आणि संगीत रंगभूमीवर गाजलेले पंडित राम मराठे; तेव्हा त्यांचे वय जेमतेम तेरा-चौदा. राधा शांता आपटे, पेंद्या परशुराम, संगीत मास्टर कृष्णरावांचे. येथे धारवाडकरांनी मान वर करावी. कृष्णराव भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, आणि बुवा काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवीत होते. त्या गाण्यास थोडे आमच्या गावचे पाणी लागलेले आहे असे म्हणावयास हरकत नसावी. मुलांना बोलपट आवडला. पेंद्यावर हसली, गाई पाहून हसली, गोवर्धन उचलताना टाळ्या पडल्या. परंतु घरी जाताना कोणी काही विचारले नाही. आवडले आणि संपले.

दुसऱ्या वर्षी 'संत ज्ञानेश्वर'. यात अद्भुताची रेलचेल. रेडा वेद बोलतो, भिंत चालते, वाघावर बसलेला चांगदेव भेटावयास येतो, पाठीवर मांडे भाजले जातात. मुलांनी भिंतीची वाट पाहिली आणि भिंत चालल्यावर त्यांचे समाधान झाले. आमची आवड मात्र निराळी. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना गावाने वाळीत टाकले त्या चार भावंडांचे एकमेकांस धरून असणे, हा या बोलपटाचा गाभा आहे. लहानपणीचे ते प्रसंग पाहिले की पुढच्या चमत्कारांची गरजच राहत नाही. रेड्याचा प्रसंग तेवढा आम्ही वेगळा काढू, कारण तेथे चमत्कार विद्वानांच्या तोंडावर मारलेला आहे. भिंत हा नुसता चमत्कार, रेडा हे उत्तर. शाहू मोडकांचे शांत मुख सुंदर आहे, पण मधूनमधून ते इतके शांत असते की त्यामागे काही चालले आहे की नाही याची शंका येते. हे आमचे मत ऐकून मंडळातील एक वयोवृद्ध काकू आमच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी 'संत तुकाराम' लावला. विमान उतरले तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. मग जिजाई धावत बाहेर आली आणि खसखस थांबली. दिवे लागल्यावर सातवीतली एक मुलगी आमच्याकडे आली. "आकी याक होगलिल्लरी, सर?" ती का गेली नाही? आम्ही मराठीत सांगू लागलो. तिला ते कळत होते, पटत नव्हते. तिचे वडील लांबच्या गावी नोकरीस असतात हे आम्हांस ठाऊक होते. "अप्पा बा अंदरू अव्वा होगंगिल्ल," ती म्हणाली. अप्पा ये म्हणाले तरी आई जात नाही. मग थोडे थांबून, अडखळत, मराठीत: "घर कोण बघनार?"

ते वाक्य तिला कोणी शिकविले नव्हते. मराठीतून तिने आमच्याशी बोललेले ते पहिलेच वाक्य.

कोणी विचारील, संतकथाच दाखवावयाच्या तर कन्नडमध्ये काय कमी आहेत? मुळीच नाहीत, आणि आम्ही त्या आवडीने पाहिल्या आहेत. पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना' (१९३४) कोल्हापुराच्याच छत्रपती सिनेटोनमध्ये तयार झाला. त्याची उलटफेड म्हणावी तसे १९७४ साली हुणसूर कृष्णमूर्तींनी 'भक्त कुंबार' काढला. त्यात आपला गोरा कुंभार साक्षात डॉ. राजकुमार यांनी उभा केला. चिखल तुडविताना पायांखाली स्वतःचे मूल तुडविले जाते तो प्रसंग येथील कन्नड मुलखाने जसा पाहिला, तसा महाराष्ट्रानेही कोणा मराठी कलावंताचा पाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही. १९७७ सालच्या 'बभ्रुवाहन'मधील राजकुमारांचे अर्जुन व बभ्रुवाहन हे दुहेरी काम आजही कोणी वाखाणले तर आम्ही मान डोलावू. विठ्ठलास कानडा म्हणण्याची परंपरा सातशे वर्षांची आहे. तेव्हा तो दोन्ही भाषांत बोलतो यात नवल नाही. परंतु कन्नड ऐकावयास या मुलांना आमची गरज नाही. मराठीचे तसे नाही.

प्रभात १९५३ साली बंद पडली. १९६० साली त्या जागेवर सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्था आली. जानेवारी २००३ मध्ये तेथील साठ्यास आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मचे फार मोठे भांडार जळाले. ती फिल्मच तशी ज्वालाग्राही. ज्या बोलपटांच्या दुसऱ्या प्रती निघालेल्या होत्या ते वाचले. आम्ही वर्णिलेले आज घरबसल्या पाहता येतात ते त्या प्रतींमुळे. पाहताना एक पथ्य पाळावे, असे आम्ही सुचवू. भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या काचेवर ते पाहू नयेत. घरातील मोठ्या पडद्यावर लावावेत, आजीस जवळ बसवावे, आणि तिने मध्येच गाणे म्हटले तर तिला गप्प करू नये. आमच्या मातोश्री अलीकडे माणसांची नावे विसरतात. या बोलपटातील पदे त्या विसरलेल्या नाहीत.

या वर्षीच्या आषाढीकरिता निवड पुन्हा आम्हांकडे आली. वयोवृद्ध काकूंचा आग्रह 'संत ज्ञानेश्वर' पुन्हा लावण्याचा आहे. तरुण कार्यकर्त्यांस नवा, रंगीत, मोठ्या आवाजाचा एखादा ऐतिहासिक चित्रपट हवा, म्हणजे गर्दी होईल. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही. आम्ही 'संत तुकाराम' हेच नाव पुन्हा लिहून दिले आहे. एकच बोलपट पुनःपुन्हा कशाला, असा चिटणीसांचा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय रविवारच्या बैठकीत व्हावयाचा आहे. ती मुलगी आता दहावीस गेली. जिजाईचे विठोबाशी भांडण तिला कार्यक्रमात म्हणून दाखवावयाचे आहे. शब्द तिने बोलपट थांबवीत थांबवीत वहीत उतरवून घेतले आहेत, कन्नड लिपीत. 'ळ' आणि 'ल' तिने कोठेही चुकविलेला नाही. 'च' मात्र तिला कोठे दंत्य आणि कोठे तालव्य हे सांगावे लागते, म्हणून ती बुधवारी व शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी येते.